अस्मानी किती, सुलतानी किती?

दुष्काळ पडला, पूर आला, टोळधाड आली, की महाराष्ट्रातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या एक प्रश्न विचारीत आला आहे : यात अस्मानी किती आणि सुलतानी किती? पाऊस पडला नाही ही अस्मानी. पण पाऊस न पडलेल्या वर्षीही सारा वसूल केला ही सुलतानी. आभाळाने दिलेले दुःख आणि सत्तेने दिलेले दुःख एकाच दिवशी, एकाच दारात येऊन उभे राहिले तरी ती दोन वेगळी दुःखे आहेत, हे त्याला कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नव्हते. हवामानबदलाच्या प्रश्नावर लोकांत काम करू पाहणाऱ्या स्वयंसेवकांचे शिक्षण कसे असावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ते शिक्षण या जुन्या प्रश्नापासून सुरू झाले पाहिजे, असे येथे मांडावयाचे आहे.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत या विषयावरच्या प्रशिक्षणांचा तुटवडा आहे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला, तेव्हापासून हा विषय शाळा-महाविद्यालयांत आहेच. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी २००६ पासून आपल्या पडद्यावरच्या चित्रमालिकेच्या साहाय्याने जगभर व्याख्याते तयार करण्याची मोहीम उघडली. त्या नमुन्यावर आपल्याकडेही दोन-तीन दिवसांची शिबिरे होतात, शपथ घेतली जाते, प्रमाणपत्र मिळते. हे सारे निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तापमानवाढीचे शास्त्र सामान्य माणसापर्यंत नेण्याचे काम त्यातून झाले आहे. पण या शिबिरांतून वक्ते घडतात, कार्यकर्ते घडत नाहीत. त्या वक्त्याला ग्रीनलंडचे बर्फ ठाऊक असते. आपल्या गल्लीतले पाणी कोणत्या नाल्याला मिळते, तो नाला कोणत्या खाडीत उतरतो आणि त्याचा गाळ काढण्याचा ठेका कोणाकडे आहे, हे मात्र ठाऊक नसते. मग वस्तीत गेल्यावर तो लोकांना प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नका म्हणून सांगतो आणि परत येतो.

उपनगरांतील कार्यकर्त्याला पहिला धडा द्यावयाचा तर तो २६ जुलै २००५ चा द्यावा. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३. एकाच शहराच्या दोन टोकांचे हे दोन आकडे. दक्षिण मुंबई त्या दिवशी भिजली. बुडाली ती उपनगरे. त्यात दुपारी समुद्राला मोठी भरती होती आणि भरतीच्या वेळी मुंबईच्या कित्येक नाल्यांची तोंडे समुद्राच्या पातळीखाली जातात. एवढा पाऊस जगातल्या कोणत्याही शहराच्या गटारांना पेलला नसता, हे प्रथम प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. येथपर्यंत अस्मानी.

आता दुसरी बाजू. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि तोही ओहोटी असताना. ही क्षमता दुप्पट करावी, असे सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ साली महापालिकेच्या हाती आला होता. बारा वर्षांत त्यातले फारच थोडे झाले. विहार तलावापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे अठरा किलोमीटर वाहणाऱ्या मिठी नदीचे पात्र दरम्यानच्या काळात विमानतळाने, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने, कारखान्यांनी आणि झोपड्यांनी आवळत आणले होते. यातल्या झोपड्या तेवढ्या सर्वांच्या डोळ्यांत भरल्या. धावपट्टीखालून नदी नेता येते आणि खाडीत भराव घालून कचेऱ्यांचे संकुल उभारता येते, याबद्दल मात्र वृत्तपत्रांतून तितका संताप प्रकट झाला नाही. माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने पुढे या सगळ्याची चिकित्सा केली. तो अहवाल कार्यकर्त्यांनी अभ्यासमंडळात वाचावा. एखाद्या संकटाचे कारण एका वाक्यात सांगता येत नाही, हे शिकण्यासाठी त्याच्याइतके चांगले पाठ्यपुस्तक मिळणे कठीण.

त्याच दिवशी साकीनाक्याजवळ दरड कोसळून सत्तरांहून अधिक माणसे गेली. त्याआधी जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात डोंगर खाली आला आणि साठांहून अधिक माणसे गाडली गेली. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंप्रीपाड्यात जलाशयाच्या टेकडीची संरक्षक भिंत झोपड्यांवर पडली, तर जुलै २०२१ मध्ये एकाच रात्री चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात तेच घडले. या प्रत्येक वेळी पाऊस मोठा होता. पण पाऊस डोंगरमाथ्यावरच्या आणि सपाटीवरच्या घरांवर सारखाच पडत होता. मेले ते उतारावर राहणारे, आणि ते उतारावर का राहत होते या प्रश्नाचे उत्तर हवामानशास्त्राकडे नाही. ते शहरातल्या जमिनीच्या किमतीकडे आहे. ज्या शहरात मजुराच्या वेतनातून सपाट जागेवरचे भाडे निघत नाही, त्या शहरात मजूर डोंगर चढतो किंवा नाल्याच्या काठावर उतरतो; बाजाराने त्याला तेवढ्याच दोन जागा ठेवलेल्या असतात.

१३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात वादळी वाऱ्यात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि सतरा माणसे मृत्यू पावली. तो फलक १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता. महापालिकेची कमाल मर्यादा ४० फुटांची होती. येथे जो स्वयंसेवक ‘हवामानबदलाचे बळी’ असा फलक घेऊन उभा राहील तो नकळत ज्यांची चौकशी व्हावयाची त्यांच्याच बाजूने साक्ष देईल. पूर्वी अपघात झाला की अधिकारी ‘देवाची करणी’ म्हणत. आता ‘हवामानबदल’ म्हणतात. शब्द आधुनिक झाला, सोय तीच राहिली.

म्हणून काय हवामानबदल हे थोतांड आहे? मुळीच नाही, आणि ही गोष्ट तितक्याच स्पष्टपणे शिकवली गेली पाहिजे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवते, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. कोणताही एक पाऊस हवामानबदलानेच पडला असे सरसकट म्हणता येत नाही. पण सारीपाटाच्या कवड्या कोणी तरी जड केल्या, की कोणते दान वारंवार पडणार हे सांगता येते. कार्यकर्त्याला शास्त्र एवढे पक्के यावे. याहून अधिक आले तर आनंदच. याहून कमी चालणार नाही.

आणि येथेच त्या जुन्या प्रश्नाला नवे वळण मिळते. आजची अस्मानी निखळ अस्मानी उरलेली नाही. ज्या धुराने आभाळ बिघडले तो धूर दीडशे-दोनशे वर्षे विशिष्ट देशांच्या आणि विशिष्ट वर्गांच्या चिमण्यांतून निघाला. आजही अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला सुमारे दोन टन. म्हणजे अस्मानी ही दूरच्या सुलतानाची सुलतानी आहे, आणि जवळचा सुलतान त्या दूरच्याच्या आड लपतो आहे. दोन्ही हिशेब वेगवेगळे ठेवता येणे, एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर न टाकणे, हेच हवामानकार्यकर्त्याचे खरे कौशल्य होय.

हा हिशेब शिकवायचा कसा? विजेचे बिल हे त्याचे सर्वांत हाताशी असलेले साधन आहे. महापालिकेच्या हवामान कृती आराखड्यात २०१९ या वर्षासाठी मुंबईचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन धरले आहे. त्यात सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जेचा, मुख्यतः कोळशावरच्या विजेचा, वाहतुकीचा सुमारे पाचवा हिस्सा, उरलेला कचऱ्याचा. ही वीज कोठे तयार होते? अंधेरी-बोरिवली पट्ट्याला वर्षानुवर्षे वीज पुरवणारे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र डहाणूच्या किनाऱ्यावर, वारल्यांच्या आणि चिकूच्या वाड्यांच्या मुलखात आहे. दिवा उपनगरात लागतो, राख डहाणूत पडते. त्या भागातल्या लोकांनी न्यायालयीन लढा दिला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणूसाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याच्या रेट्याने त्या केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. बोरिवलीच्या स्वयंसेवकाने एकदा डहाणूला जाऊन यावे. मुलुंड-भांडुपला महावितरण वीज पुरवते आणि घाटकोपरला खासगी कंपनी, म्हणजे बिलाचा कागदसुद्धा उपनगरागणिक वेगळा; तो वाचता आला की दर, अधिभार, नूतनीकरणक्षम विजेचा हिस्सा आणि नियामक आयोगापुढची जनसुनावणी, हे सगळे विषय आपोआप उलगडत जातात. त्या जनसुनावणीत सामान्य ग्राहकाला बोलण्याचा हक्क आहे, वापरणारे विरळा.

बिलांची तुलना केली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मालवणीच्या किंवा असल्फ्याच्या पत्र्याच्या घरात एक पंखा, दोन दिवे आणि एक दूरचित्रवाणी संच असतो. मे महिन्यात तो पत्रा तापतो आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही. उंच इमारतीत प्रत्येक खोलीला वातानुकूलन यंत्र असते आणि ते यंत्र आतली उष्णता बाहेर गल्लीत फेकते. या दोन घरांना ‘वीज वाचवा’ हा एकच उपदेश करणे म्हणजे उपासमार झालेल्याला आणि अजीर्ण झालेल्याला एकच पथ्य सांगण्यासारखे आहे. पत्र्याच्या घरातल्या बाईला वीज अधिक मिळाली पाहिजे आणि छप्पर थंड ठेवण्याची सोय झाली पाहिजे, ही हवामानाचीच मागणी आहे.

बसचेही तसेच. जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले, प्रवासी वाढले. मे २०२५ मध्ये तेच भाडे एकदम दहा रुपये झाले. मधल्या काळात, एकेकाळी स्वतःच्या चार हजारांहून अधिक गाड्या बाळगणारी बेस्ट भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर विसंबू लागली आणि तिच्या स्वतःच्या गाड्या काही शेंवर आल्या. विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून काढण्याची जुनी व्यवस्था आधीच मोडली होती. बस विजेवर चालणारी आहे याचा गाजावाजा होतो. पण जी बस थांब्यावर चाळीस मिनिटे येत नाही ती कोणत्या इंधनावर चालते हा प्रश्न गौण आहे. प्रवासी रिक्षाकडे, हप्त्यावरच्या दुचाकीकडे वळतो. स्वयंसेवकांनी आठवडाभर अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड स्थानकांबाहेरच्या थांब्यांवर वही घेऊन उभे राहावे, कोणत्या क्रमांकाची गाडी किती वाजता आली हे टिपावे. या वहीतून जो लेख तयार होईल, त्याला उत्तर देणे प्रशासनाला भाग पडेल.

उपनगरांना हे शिक्षण अगदी नवे आहे असे नाही. गोरेगावात मृणाल गोरे यांनी पाण्याचा प्रश्न हाती घेतला तेव्हा त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांना नळाचा दाब, जलवाहिनीचा व्यास, पाणी सोडण्याची वेळ यांची माहिती कोणत्या शिबिरात मिळाली नव्हती. ती मोर्चाच्या तयारीत मिळाली. १९७२ साली मृणालताई, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. लाटणे मोर्चाची आठवण सर्वांना आहे. त्या मोर्चामागे गृहिणींनी गिरवलेले शिधावाटपाचे, साठेबाजीचे आणि तेला-साखरेच्या भावांचे अर्थशास्त्र होते, ते मात्र विस्मरणात गेले. त्याच वर्षीच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या बाजूने उभे राहिलेल्या कार्यकर्त्यांना मातीकामाचे मोजमाप शिकावे लागले, कारण मजुरी मोजमापावर ठरत होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि त्याच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारावर १९७५ मध्येच व्यवसाय कर बसला होता. आभाळ फिरल्याचा भार कोणी उचलायचा याचा एक दाखला महाराष्ट्राने त्या वेळी घालून दिला. हवामानाच्या अर्थकारणावर चर्चा करणारे विद्वान त्याचा उल्लेख क्वचितच करतात.

राष्ट्र सेवा दलाची अभ्यासमंडळे आणि कलापथके यांची नावे अशा वेळी हटकून निघतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण ४ जून १९४१ ला सुरू झालेल्या सेवा दलाच्या शाखेला सायंकाळी मैदान होते आणि मैदानावर येणाऱ्या मुलाला मोकळी संध्याकाळ होती. आजचा उपनगरातला तरुण सकाळी लोकलच्या दारात लटकून जातो आणि रात्री नऊनंतर घरी येतो. मैदानावर वाहनतळ झालेला असतो. जुन्या शिबिरांचे गोडवे गाऊन तो येणार नाही. त्याच्याजवळ रविवारची सकाळ आहे, आणि कामाच्या जागेवरचे ज्ञान आहे. रिक्षाचालक, घरोघरी माल पोचवणारा मुलगा, सफाई कामगार आणि फेरीवाली यांच्याइतका उन्हाचा अभ्यास कोणाचा असणार? स्वयंसेवक म्हणून प्रथम त्यांनाच बोलवावे, केवळ श्रोते म्हणून नव्हे. वेसावे किंवा मनोरीचा कोळी भांग आणि उधाण यांचे गणित बोटांवर करतो. पावसाचा इशारा आणि उधाणाची भरती एकाच दिवशी आली, तर कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता चढेल हे त्याला विचारावे. इर्ल्याचे उदंचन केंद्र उभे राहिले, पण अंधेरीच्या मोगरा नाल्यावरचे केंद्र जागेच्या वादात वर्षानुवर्षे रखडले, त्याचा अर्थ तो पुस्तकी माणसाहून लवकर समजावून देईल.

घाटकोपरमध्ये याबाबत दोन बोधप्रद प्रयोग झाले. १९९७ च्या सुमारास तेथील जोशी लेनमधल्या रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करून गल्ली स्वच्छ केली, आणि त्या धर्तीवर महापालिकेने मुंबईभर ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ गट स्थापन केले. चांगलाच उपक्रम तो. पण अशा गटांचे क्षितिज पुष्कळदा आपल्या गल्लीच्या तोंडाशी संपते. कचरा गल्लीबाहेर गेला की प्रश्न मिटला आणि फेरीवाला हटला की परिसर सुंदर झाला, असे मानण्याकडे कल राहतो. त्याच काळात, १९९८ पासून, स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने ‘परिसर विकास’ कार्यक्रमात कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना संघटित केले, त्यांना वर्गीकरणाचे, खतनिर्मितीचे आणि बायोगॅस संयंत्र चालवण्याचे शिक्षण दिले. ओला कचरा हवेविना कुजला की मिथेन तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवतो, हे वाक्य पाठ करणारे हजारो आहेत. देवनारच्या डोंगरावर धुमसणारा धूर छातीत घेतलेली आणि पुढे त्याच कचऱ्यातून चुलीचा वायू काढणारी बाई त्या वाक्याचा अर्थ जाणते. शिक्षक म्हणून निवड करावयाची झाली, तर तिची करावी. गोराईचे कचराक्षेत्र बंद झाले, मुलुंडचे २०१८ मध्ये बंद झाले, आणि भार कांजूरमार्ग व देवनारवर गेला. एका उपनगराची सुटका म्हणजे दुसऱ्याची शिक्षा, हा धडा तिच्याकडून ऐकल्यावर विसरता येत नाही.

आतापर्यंतचे सोपे होते. अवघड प्रसंग आरेचा. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यास सुरुवात झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हणेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. रात्रीच्या अंधारात, पोलिसांच्या कड्यात केलेली ती तोड लोकशाहीला शोभणारी नव्हती, आणि त्या रात्री धावून आलेल्या तरुणांची व आरेतल्या पाड्यांवरच्या आदिवासींची बाजू घेणे हे कर्तव्यच होते. पण मेट्रोच्या बाजूनेही हवामानाचाच युक्तिवाद केला जात होता : लाखो लोक मोटारी सोडून रेल्वेत बसले तर धूर कमी होईल. हा युक्तिवाद हास्यास्पद नव्हता. प्रशिक्षणात दोन गट करावेत. झाडांच्या बाजूच्या गटाला मेट्रोची बाजू मांडण्यास सांगावे आणि मेट्रोच्या बाजूच्यांना झाडांची. मग खरा प्रश्न पुढे येतो, आणि तो ‘मेट्रो की झाडे’ हा नसतोच. कारशेडसाठी अन्य जागा होत्या का, त्यांचा खर्च कोणी आणि कसा मोजला, मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर कोणाची नजर होती, तोडीचा निर्णय लोकांसमोर का झाला नाही, असे ते प्रश्न आहेत. प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा ज्याला त्याच्याइतक्याच चांगल्या रीतीने मांडता येत नाही, त्याला वस्तीत पाठवू नये.

त्याहून अवघड प्रसंग मुलुंडचा. २०२४ मध्ये केंद्र सरकारने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनातील घरांसाठी देण्यास मान्यता दिली. मिठागरे पावसाचे आणि भरतीचे पाणी सामावून घेतात. ती भरली तर ते पाणी पूर्व उपनगरांत शिरणार, हा आक्षेप शास्त्राला धरून आहे आणि तो लढवला पाहिजे. परंतु मुलुंडच्या सभांतून त्याच्या शेजारी दुसराही एक सूर उमटतो : ‘धारावीचे लोक आमच्याकडे नकोत.’ हे दोन सूर एका मोर्चात मिसळू दिले, तर पर्यावरणाच्या चळवळीचे भवितव्य मध्यमवर्गाच्या कुंपणात बंद होईल. मिठागर वाचले पाहिजे आणि धारावीच्या माणसाला धारावीतच घर मिळाले पाहिजे, या दोन मागण्या एकाच पत्रकात, एकाच आकाराच्या अक्षरांत छापण्याचे धैर्य स्वयंसेवकात हवे. टाळ्या कमी पडतील. पडू द्याव्यात.

राहिला प्रश्न, हे सारे घेऊन जायचे कोणाकडे? मुंबईच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर सहाव्या दिवशी, १३ मार्चला, २०५० पर्यंत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचा संकल्प सांगणारा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला. ऊर्जा, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवेची शुद्धता, पूर-पाणी या सहाही अंगांचा त्यात विचार आहे आणि तो वाचण्याजोगा दस्तऐवज आहे. पण जवळजवळ चार वर्षे, १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत, त्याची अंमलबजावणी विचारणारा एकही निवडून आलेला प्रतिनिधी सभागृहात नव्हता. जून २०२४ मध्ये महापालिकेने पहिला ‘हवामान अर्थसंकल्प’ सादर केला. त्यावर चर्चा करण्यास सभागृहच नव्हते. भांडवली खर्चाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग हवामानाशी संबंधित दाखवला गेला. त्यातले कोणते काम नवे आणि कोणत्या जुन्या गटाराला नवे नाव दिले आहे, हे प्रत्येक विभागाच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या पुरते तपासावे : अंधेरीकरांनी के-पूर्व आणि के-पश्चिमचे, बोरिवलीकरांनी आर-मध्यचे, घाटकोपरकरांनी एनचे, मुलुंडकरांनी टीचे. आता प्रभाग समित्यांच्या बैठकींत विचारण्यासारखे पुष्कळ आहे आणि तेथे उत्तर देण्यास बांधलेला माणूसही आहे.

सुरुवात नालेसफाईपासून करता येईल. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, ३१ मेच्या मुदतीत, बहुतांश गाळ काढल्याचे जाहीर होते. किती टन, कोणत्या गाडीतून, कोणत्या काट्यावर वजन होऊन, कोठे टाकला, याच्या नोंदी ठेवल्या जातात. मिठी नदीच्या गाळाच्या ठेक्यांत सुमारे ६५ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला, तेव्हा या नोंदींचे महत्त्व सर्वांना कळले. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्या आणि त्यांना मिळणारे नाले आपापसांत वाटून घ्यावेत. माहितीच्या अधिकाराखाली मागील तीन वर्षांच्या वजनपावत्यांसाठी अर्ज करावेत, काठावरच्या वस्तीतल्या दोघा-तिघांना बरोबर घेऊन मार्चच्या अखेरीस नाल्याच्या प्रत्येक वळणावर गाळाची खोली बांबूने मोजून ठेवावी, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागी, त्याच बांबूने पुन्हा मोजावी.